गाळ कुणाच्या डोंगराचा

मादोसिनी आमच्या न्तिलिनी गावात लग्न होऊन आली तेव्हा डोंगराखालच्या माखुझेनी गावाचा बंधारा नुकताच बांधून झाला होता. मादोसिनी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नाही. दोसिनी कुळाची लेक म्हणून मादोसिनी, जशी मी तोलो कुळाची म्हणून मामतोलो. तिच्या आणि माझ्या अंगणामध्ये कोरफडीचं एक कुंपण आहे, तेही जागोजागी तुटलेलं. त्यामुळे तिच्या घरी जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं, नाहीतर तिच्याच तोंडून ऐकलं.

तिचा नवरा बोनाकेले सोन्याच्या खाणीत तरुणपण घालवून, छातीत धूळ भरून घेऊन परत आला होता. खाणीतून सुटताना जे हातात पडलं त्याच्या त्याने मेंढ्या घेतल्या. माणूस कष्टाळू होता, पण तोंडाने तिखट. कुणी शहाणपण शिकवायला आलं की त्याला उलट बोलल्याशिवाय राहवत नसे. आमचा डोंगर काळ्या दगडाचा, माती लालभडक. त्या उतारावर त्याच्या मेंढ्या सकाळपासून पांगलेल्या असायच्या, आणि खालच्या माखुझेनीतून मान वर केली की त्याच तेवढ्या दिसायच्या.

बंधारा भरत गेला, पण पाण्याने नाही. आमच्याकडे पाऊस उन्हाळ्यातच पडतो, आणि दर पावसात म्बेल्वाना नदी चहासारखी होऊन यायची आणि बंधाऱ्यात गाळ टाकून पुढे जायची. पुढे पुढे मुलं काठावरून चालत आत जायची तरी गुडघाभरच चिखल लागायचा. माखुझेनीच्या नळाला आधी गढूळ पाणी आलं, मग थेंब थेंब, मग नुसती हवा. तेव्हा खालची चार माणसं वर आली, बोनाकेलेशी बोलायला. त्यांच्यात म्हातारा फाकामिले होता आणि त्याचा मुलगा मोंडे.

"तुमच्या मेंढ्यांनी डोंगर खरवडला," फाकामिले म्हणाला. "त्याची माती आमच्या बंधाऱ्यात येते. कळप कमी करा, नाहीतर पलीकडच्या अंगाला न्या."

बोनाकेले तेव्हा एका मेंढीचे खूर साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "सांगतो हं मेंढ्यांना. उद्यापासून पाय धुवून डोंगर चढा म्हणावं."

आमच्यातले दोघे तिघे हसले. मादोसिनी हसली नाही. माणसं गेल्यावर ती त्याला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला निदान बसायला तरी सांगायचं होतंस."

"बसला असता तर उठला नसता," तो म्हणाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माखुझेनीतल्या बायका गावामागच्या घळीत साचलेलं पाणी भरायला लागल्या, गुरं पितात तेच. लहान मुलांना हगवण लागली. दोन तान्ही मुलं गेली. त्यातली एक मोंडेची मुलगी, अजून रांगतही नव्हती. दवाखान्यातल्या नर्सने पाण्याचं कारण सांगितलं. पाणी का नाही, तर गाळामुळे. आणि गाळ कुणाचा, हे माखुझेनीत कुणाला विचारावं लागत नव्हतं.

हिवाळा सरत आला होता, वारा कोरडा होता, गवत काडीसारखं वाळलेलं. भर दुपारी ती माणसं वर आली. आधी धूर दिसला. त्यांनी डोंगराचं गवत खालून पेटवलं होतं आणि वाऱ्याने ते क्षणात आमच्या घरांपर्यंत आणलं. बोनाकेलेचा मेंढवाडा काटक्यांचा, तो आधी धरला. तो आत शिरला मेंढ्या सोडवायला. बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत एक कोकरू होतं आणि समोर मोंडे उभा होता, हातात गाठीची काठी घेऊन.

मी मादोसिनीला धरून ठेवलं होतं. ती ओरडली नाही. तिने फक्त माझ्या हातात नखं रुतवली. तीन दिवसांनी बोनाकेले दवाखान्यातच वारला, शुद्धीवर न येताच.

आलेल्या माणसांत कोण कोण होतं हे दोन्ही गावांना माहीत होतं. पण कोर्टात, मोंडे सोडला तर, धुरामुळे कुणालाच कुणी दिसलं नव्हतं. मोंडेने स्वतः कबूलही केलं, त्याला शिक्षा झाली. बाकीचे घरी आले. न्यायाधीशाने विचारलं तेव्हा मोंडे म्हणाला होता, "त्याच्या मातीने माझी मुलगी मारली." ते वाक्य माखुझेनीत लोकांनी जपून ठेवलं. आमच्याकडेही काही जण हळू आवाजात म्हणायचे की मारायला नको होतं हे खरं, पण मेंढ्या खरंच फार झाल्या होत्या.

मादोसिनीने काळे कपडे घातले, वर्षाने रीतीप्रमाणे उतरवले. उरलेल्या मेंढ्या तिने विकल्या. तिची मुलगी शहरात कामाला होती, ती म्हणाली माझ्याकडे ये. ही गेली नाही. नदीवर कपडे धुताना खालच्या गावची एखादी बाई भेटली तर ती बाई पाण्याकडे बघत म्हणायची, "आज गाळ कमी आहे, नाही का?" मादोसिनी कपडे पिळत राहायची. एकदाच ती मला म्हणाली, "मामतोलो, मला स्वतःलाच माहीत नाही गं. तो गाळ आमचा नव्हता असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी तरी कुठे बघितलं होतं?"

विद्यापीठाची गाडी आली ती त्यानंतर काही वर्षांनी. खन्यीसा नावाची मुलगी होती, चष्मा लावणारी, बुटांना कायम चिखल. नदीतला गाळ कुठून येतो ते तिला शोधायचं होतं. खाली पुढे मोठं धरण बांधायचा सरकारचा विचार होता, आणि तेही आमच्या बंधाऱ्यासारखं भरून जाईल अशी भीती होती. पावसात नदीचं पाणी बाटल्यांमध्ये भरायला, वेगवेगळ्या जागची माती गोळा करायला तिला गावातली माणसं हवी होती. गावप्रमुखाने विचारलं, कोण करणार? मादोसिनी उभी राहिली.

मी तिला घरी येताना म्हटलं, "या वयात बाटल्या घेऊन पुरात उतरणार? पाय घसरला तर तूच गाळ होऊन बंधाऱ्यात जाशील."

"तिथवर गेले तर बघून तरी येईन," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी खन्यीसाने काय केलं, तर खिशातून एक साधं लोहचुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि आमच्या वरच्या ओढ्याच्या वाळूत फिरवलं. बाहेर काढलं तर पिशवीवर काळी लव उभी राहिली होती, डुकराच्या पाठीवरच्या केसांसारखी. मग ती आम्हाला खाली माखुझेनीच्या मागच्या घळीत घेऊन गेली. तिथली माती फिकट, पिठूळ. तेच चुंबक तिथे फिरवलं, तर चिमूटभरच चिकटलं.

"तुमच्या काळ्या दगडात लोखंडाचे बारीक कण आहेत," खन्यीसाने सांगितलं. "दगड झिजून माती झाली तरी कण मातीत राहतात. खालचा दगड मऊ, चिखलाचाच बनलेला, त्यात ते जवळपास नाहीत. नदी दोन्ही माती एकत्र कालवते. रंगावरून मला सांगता येणार नाही, कारण ओली झाली की सगळीच माती तपकिरी. पण लोखंड लपत नाही. बंधाऱ्यातल्या गाळात ते किती आहे ते मोजलं की वरची माती किती, खालची किती, याचा अंदाज येतो."

मादोसिनीने चुंबक हातात घेतलं, पिशवीवरची लव बोटाने चाचपली. "म्हणजे गाळाला विचारता येतं," ती म्हणाली.

"विचारता येतं. पण तो नेहमी सरळ उत्तर देतो असं नाही, आई. पाण्याखाली वर्षानुवर्षं कुजत पडलेल्या गाळात हे कण कधी कधी विरघळून जातात. मग वरची मातीसुद्धा खालच्यासारखी दिसते. म्हणून एका मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. आणि आत्ताच मला विचारू नका की गाळ कुणाचा."

मादोसिनीने विचारलं नाही. खन्यीसाला तेव्हा बोनाकेलेचं काहीच माहीत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी तिला सांगितलं नाही.

दोन पावसाळे मादोसिनीने ते काम केलं. नदी फुगली की कमरेला दोर बांधून काठावर उतरायची, बाटली बुडवायची. डोंगरावरून, शेतांतून, रस्त्याच्या कडेने, घळीच्या भिंतीवरून माती आणून उन्हात वाळवायची. तिच्या गोल झोपडीच्या ओट्यावर भाकरीच्या पिठासारखे मातीचे ढीग मांडलेले असायचे आणि कोंबड्या त्यांत पाय घालायच्या. बंधाऱ्यावर गेली की माखुझेनीची पोरं हाका मारायची, "गाळवाली आली." ती त्यांनाच बाटल्यांची टोपली उचलायला लावायची.

मग हिवाळ्यात बंधारा आटला, गाळाला भेगा पडल्या, तेव्हा खन्यीसाने त्याच्या मधोमध लांब नळी ठोकली. वर ओढून काढली तर आत गाळाचा आख्खा खांब, तळाला सर्वांत जुना, वर सर्वांत नवा. बोटाच्या जाडीचे काप करून, वाळवून ती ते इवल्या डब्यांत भरत गेली. मोजायचं यंत्र ती मादोसिनीच्या झोपडीतच घेऊन आली होती, गाडीच्या बॅटरीवर चालणारं. डबी त्याच्या भोकात ठेवायची, थोडं थांबायचं, आकडा येतो. डोंगराच्या मातीचा आकडा मोठा, घळीच्या मातीचा लहान, हे मादोसिनीला एव्हाना पाठ झालं होतं.

मी आंबवलेल्या मक्याच्या पेजेचं भांडं घेऊन गेले होते, ते तसंच राहिलं. तळापासून एकेक डबी. लहान. लहान. थोडा वर, पुन्हा लहान. मादोसिनी पाटावर बसून होती, हात मांडीत घट्ट धरून. अर्ध्याहून जास्त डब्या झाल्या आणि सगळे आकडे घळीचे. ती माझ्याकडे बघत नव्हती, उरलेल्या डब्या मनात मोजत होती.

आणि मग वरच्या काही डब्या राहिल्या असताना आकडा एकदम उडाला. खन्यीसाने डबी काढून पुन्हा ठेवली. तोच आकडा. पुढच्या दोन डब्याही तशाच, मोठ्या. त्यानंतर परत लहान.

मादोसिनी पाटावरून उठली. "ही आमची माती," ती म्हणाली.

"हो, ही डोंगराची आहे," खन्यीसा म्हणाली. तिने यंत्राची कळ फिरवून तीच डबी आणखी एका रीतीने मोजली, मग आणखी एकदा. "पण ही नुसती डोंगराची नाही. नुसत्या मातीत इतका जोर नसतो. जमीन भाजली की मातीतलं लोखंड बदलतं, चुंबकाला जास्त ओढतं. ही जळलेली माती आहे, पहिल्याच पावसात वाहून आलेली. आई, वर कधी मोठी आग लागली होती का?"

मादोसिनीने ती डबी उचलून तळहातावर घेतली.

"लागली नव्हती," मादोसिनी म्हणाली. "लावली होती."

मग तिने सगळं सांगितलं. सलग, कुठेही न अडखळता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. खन्यीसाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "मी हे बाकीच्या यंत्रांवर तपासून घेईन. कण विरघळले नाहीत ना तेही बघेन. तोवर कुणाला सांगू नका."

"मी इतकी वर्षं थांबले," मादोसिनी म्हणाली. "तू तपास."

तपासात काही बदललं नाही. बंधाऱ्यातला बहुतेक सगळा गाळ माखुझेनीच्या मागच्या एकाच घळीतून आला होता. आमचा डोंगर खाली आला होता तो एकदाच, त्यांनी तो जाळला त्या वर्षी.

शाळेच्या मोठ्या खोलीत दोन्ही गावांची सभा झाली. खन्यीसाने चित्रं भिंतीवर टाकून सांगितलं, सावकाश, आमच्याच भाषेत. ती म्हणाली, ही घळ कुणा एकाची करणी नाही. जुन्या गोऱ्यांच्या सरकारने लोकांना डोंगरावरच्या घरांतून उठवून खाली ओळीत बसवलं, त्या पिठूळ जमिनीवर शेतं आखली, बांध घातले. पुढे ते बांध फुटले, पाणी एका जागी धावायला लागलं, आणि जमीन आतून पोखरत गेली. आगीबद्दल तिने एवढंच सांगितलं की गाळात जळलेल्या मातीचा एक पातळ थर आहे.

पुढच्या बाकांवर बसलेल्या काही पुरुषांनी जमिनीकडे बघितलं. म्हातारा फाकामिले भिंतीपाशी होता, काठीवर हनुवटी टेकवून.

मागून एक तरुण म्हणाला, "घळीचं तोंड फाकामिलेच्या घरामागेच आहे ना?"

"त्याचीच गुरं उतरतात तिथून," दुसरा म्हणाला. "रोज. काठ तुडवून तुडवून पाडलाय."

"म्हणजे स्वतःच्या गुरांनी स्वतःची नात..."

खोलीतली सगळी डोकी भिंतीकडे वळली. म्हाताऱ्याने काठी दोन्ही हातांनी धरली. तेव्हा मादोसिनी उठली.

"खाली बसा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "ही नजर मी ओळखते. माझ्या घराकडे तुम्ही असंच बघत होतात. त्या मुलीने आत्ताच सांगितलं की घळ कुणा एकाची नाही. एवढं तुमच्या कानांत शिरलं नसेल तर बाकीचंही शिरलं नसणार." ती पुढच्या बाकांकडे वळली. "गाळाने आग लागल्याचं सांगितलं. कुणाच्या हातांनी लावली ते तो सांगू शकत नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. कोर्टात धूर होता. आज धूर नाही."

ती उभी राहिली, वाट बघत. बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडलं. गावप्रमुखाने घसा खाकरला आणि घळीत दगडांच्या भिंती घालण्याचा विषय काढला. मादोसिनी खोलीतून बाहेर पडली, मी तिच्या मागे.

आठवड्याभरात फाकामिले आमच्या डोंगराची चढण चढून आला. फाटकाबाहेर उभा राहून त्याने रीतीप्रमाणे हाक दिली. मादोसिनीने त्याला आत बोलावलं नाही, पण ओट्याच्या कडेला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मी कुंपणापाशी शेंगा निवडत होते. तिने मला तिथून हलू नकोस अशी खूण केली.

"मी माफी मागायला आलो नाही," म्हातारा म्हणाला. "ती मागायची तर मोंडेने मागायची, आणि माझ्या चुकीची मागून काही होत नाही. त्या दिवशी काठी त्याच्या हातात मीच दिली होती."

"माहीत आहे, तात."

"त्याच्या सुटकेची सुनावणी आहे. तुम्हाला बोलावतील, तुमचं म्हणणं विचारतील."

"बोलावणं आलंय. त्याला सोडू नका असं मी म्हणणार नाही. एवढंच हवं होतं ना?"

"नाही," तो म्हणाला. "त्याला त्या गाळाचं सांगू नका."

मादोसिनी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"तो तिथे एकाच गोष्टीवर जगतोय," म्हातारा म्हणाला. "की ज्याच्यामुळे मुलगी गेली त्यालाच त्याने मारलं. पाप असेल, पण त्याला कारण आहे. तेही काढून घेतलंत तर त्याच्याकडे काय राहतं? आणि त्या घळीत तो लहानपणी खेळलाय. आमच्या घरामागे. ते पाणी त्याची बायको तिथूनच भरायची."

"तुमच्या मुलाकडे कारण आहे, म्हणून माझा नवरा अजून गुन्हेगार आहे," मादोसिनी म्हणाली. "तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही, तात. मी त्याला सांगणार आहे. पाणी संपवा, ऊन व्हायच्या आत उतरा."

त्याने पाणी संपवलं. भांडं उपडं करून ओट्यावर ठेवलं आणि गेला.

सुनावणीला मी तिच्याबरोबर म्थाथा शहरात गेले. तुरुंगातली लहानशी खोली, टेबलापलीकडे समितीची तीन माणसं, एका बाजूला मोंडे. मी त्याला ओळखलंच नाही. आठवणीत तो दांडगा होता. समोर बसलेल्या माणसाच्या गालांची हाडं वर आलेली, आणि तो दर वाक्यानंतर खोकायचा.

त्याने पाठ केल्यासारखं बोलून दाखवलं. "मी माणूस मारला. त्याचा मला पश्चात्ताप आहे. गाळाबद्दल मी सरकारकडे जायला हवं होतं, काठी घेऊन त्याच्या दारात नाही."

अध्यक्षबाईने मादोसिनीला विचारलं, काही म्हणायचं आहे का.

"मोंडे," मादोसिनी म्हणाली, "विद्यापीठाची माणसं आली होती. बंधाऱ्यातला गाळ तळापर्यंत काढून तपासला. तो आमच्या डोंगराचा नाही."

त्याने मान वर केली. "मग कुठला?"

"घळीचा."

"कुठल्या घळीचा?" विचारता विचारताच त्याला कळलं असावं, कारण त्याने उत्तराची वाट बघितली नाही. नजर टेबलावर गेली. "आम्ही तिथे पत्र्यावर बसून घसरायचो," तो म्हणाला, आम्हाला नाही, असंच.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आई, याचा आजच्या निर्णयाशी काही संबंध आहे का?"

"तुमच्या निर्णयाशी नाही. त्याला सोडायचं तर सोडा, माझी हरकत नाही. हे आमच्या दोघांमधलं आहे."

"आमचा डोंगर अजिबातच आला नव्हता?" मोंडेने विचारलं. त्याने 'तुमचा' म्हणायचं ते 'आमचा' म्हटलं, की मी चुकीचं ऐकलं, कोण जाणे.

"आला. एकदाच. तुम्ही जाळलात त्यानंतरच्या पावसात."

मोंडेने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्यानंतर समितीने बरंच काही विचारलं, त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. सुनावणी पुढे ढकलली.

परतीच्या टॅक्सीत आम्ही मागच्या बाकावर होतो, मध्ये कुणाची तरी कोबीची पोती. मी बराच वेळ धरून ठेवलेलं विचारलं, "सांगायलाच हवं होतं का? बोनाकेले तर गेलाच आहे. त्याला काय फरक पडणार होता?"

"न सांगता आलं असतं," ती म्हणाली. "मी पायरीवर उभी असतानाही तेच ठरवत होते. पण मग मोंडेच्या मनात बोनाकेले तसाच राहिला असता, त्या पोरीला मारणारा म्हणून, मोंडे मरेपर्यंत. बोनाकेलेला तिथून सोडवायला माझ्याशिवाय कोण जाणार होतं?" थोड्या वेळाने म्हणाली, "हात टेबलाखाली घेतले त्याने, बघितलंस? मला वाटलं होतं बरं वाटेल."

मला अजूनही सांगता येत नाही तिने बरोबर केलं की नाही.

पुढच्या वर्षी मोंडेला सोडलं. तो घरी आला नाही. लांब कोकस्टाडकडे एका गोठ्यावर कामाला लागला असं कळलं. बापाला त्याने निरोपही पाठवला नाही. घळीत दगडी भिंती घालायचं काम सुरू झालं आणि निधी संपला म्हणून अर्ध्यात थांबलं. एका पावसात काठ ढासळून फाकामिलेचा गोठा गेला, दुसऱ्यात झोपडीची मागची भिंत. लोक म्हणाले आमच्याकडे या, गावप्रमुखाने दुसरी जागा दाखवली. म्हातारा पुढच्या अर्ध्या झोपडीत पत्रा आडवा लावून राहिला. शाळेतल्या सभेनंतर गावातले लोक त्याच्याशी बोलायचे, पण कुणी त्याच्या ओट्यावर बसायचं नाही. हिवाळ्यात एका सकाळी तो तिथेच बसल्याजागी गेलेला सापडला, घोंगडी खांद्यावर.

खन्यीसाचंही काम संपलं होतं. ती जाताना मादोसिनीला एक डबी देऊन गेली, आगीच्या थरातल्या मातीची. मादोसिनीने ती वर नेऊन मेंढवाड्याच्या जागी रिकामी केली.

फाकामिलेच्या मातीला आम्ही सगळे गेलो. न जाणं आमच्यात चालत नाही. मादोसिनीने सकाळपासून बायकांबरोबर मोठ्या तीन पायांच्या कढयांपाशी मका आणि घेवडा शिजवायला हात लावला. माखुझेनीच्या बायका तिच्या बाजूने वावरत होत्या, मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होत्या. दुपारी टॅक्सी थांबली आणि मोंडे उतरला. अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी कोट होता, बाह्या आखूड. तो बापाच्या थडग्यावर माती टाकून आला आणि मग बराच वेळ घळीच्या काठाशी उभा राहिला, लोकांकडे पाठ करून. कुणी जवळ गेलं नाही. काठ कच्चा होता, कुणीतरी त्याला मागे हो म्हणायला हवं होतं.

शेवटी तोच वळला. माणसांच्या रांगेत न जाता सरळ कढयांपाशी आला, जिथे पुरुष येत नाहीत, आणि मादोसिनीसमोर थांबला. टोपी हातात होती. तोंड उघडलं, पण खोकलाच आला.

मादोसिनीने ताट घेतलं, भरलं, त्यावर मांसाचा तुकडा ठेवला आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते तिथेच, उभ्याने खाल्लं. ती दुसऱ्याचं ताट वाढायला वळली होती.